अकरा मोकळ्या जागा

त्या दिवशी येरळेच्या काठाला धुकं असं बसलं होतं, की देवळाचा कळस तेवढा वर दिसत होता आणि खाली सगळं पांढरं. दहा वाजून गेले तरी उन्हाचा पत्ता नाही. पत्र्याच्या कडेनं पाणी ठिबकत होतं. आणि चामड्याचं म्हणाल, तर असल्या हवेत कुठलंच वाद्य सरळ बोलत नाही.

“म्हंजे गाणारं कोणच न्हाई त्यात?” निवृत्तीआबांनी पुन्हा विचारलं.

“न्हाई आबा. नुसती ढोलकी. माझी एकट्याची.”

“मग ती वाजती कुणासाठी?”

सिद्राम जावीरनं ढोलकीच्या पिशवीचा बंद उगाच घट्ट केला.

पहाटेची पहिली एसटी धरून तो पुण्याहून आला होता. खांद्यावर ढोलकीची पिशवी, पोटात चहाशिवाय काही नाही. पंधरा वर्षांचा असताना याच ओट्यावर, याच आबांच्या पुढ्यात त्यानं पहिली थाप मारली होती. आबा देवळाचे गुरव. आता अठ्ठ्याऐंशीचे. डावा हात सारखा कापायचा, म्हणून तो मांडीखाली दाबून बसायचे.

सिद्रामनं चाळीस वर्षं रेकॉर्डिंगला ढोलकी वाजवली. लावणी म्हणा, भक्तिगीत म्हणा, सिनेमाचं म्हणा. काचेच्या खोलीत बसायचं, कानाला हेडफोन लावायचे, पलीकडच्या गाणाऱ्याचा श्वास ऐकायचा आणि त्या श्वासाला धरून चालायचं. ती गाणी गावोगावच्या मांडवात वाजली. गाणाऱ्यांची नावं पोरासोरांच्या तोंडी बसली. ढोलकी कुणाची, ते कुणी विचारलं नाही. स्टुडिओत सगळे त्याला नुसतं ‘मामा’ म्हणायचे.

आता त्रेसष्टाव्या वर्षी त्याचा स्वतःचा अल्बम निघत होता. पहिलाच. कव्हरवर त्याचा फोटो, त्याचंच नाव, मोठ्या अक्षरात.

पण मधेच एक खोडा पडला होता.

“आबा, कंपनीचा माणूस म्हनतोय, मामा तुमी वाजवता वाजवता झोपताय.”

“झोपतोस?”

“म्हंजे... हात बारीक होतोय. वाजवत असतो, रंगात असतो, आन् एकदम हात खाली. अकरा ठिकाणी. मला ठाऊकबी न्हवतं. त्यानं मोजून दावलं. म्हनला, हितं कोण येणार हाय? कुणाला जागा देताय?”

“कोण येणार हुतं?”

“कोण न्हाई आबा!” सिद्रामचा आवाज चढला. “त्येच तर सांगतोय. चाळीस वर्षं कडवं आलं की हात खाली घेतला. आता गाणारं न्हाई, तरीबी हात खालीच जातोय. एकट्यानं वाजवायला बसलो, तरी दुसऱ्याच्या दारात उभा ऱ्हायल्यागत...”

आबांनी त्याच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या सरकवला. सिद्राम दोन घोट प्याला.

“मग काय केलंस?”

“भरल्या. परवा दिवसभर बसलो आन् अकराच्या अकरा जागा भरून काढल्या. आता मुंगी शिरायची न्हाई.”

“बरं.”

“दोन्ही तयार हाईत. मोकळं बी, भरलेलं बी. दुपारपतुर कंपनीला कळवायचंय. आबा, एकदाच नाव लागणार हाय माझं. तुमी सांगाल ते काढतो.”

सिद्रामनं खिशातून फोन काढला. आबांनी मान हलवली.

“त्यात नगं. हातानं ऐकव.”

सिद्रामनं पिशवी सोडली, ढोलकी मांडीवर घेतली आणि पुडीच्या चामड्यावर बोटानं टिचकी मारली. आवाज बसका आला.

“धुक्यानं पुडी उतरलीया. जरा चुलीम्होरं धरून आणतो.”

“ऱ्हाऊ दे. हवेनं माणूस बी उतरतंय. वाजव.”

तेवढ्यात दगडी गडग्याच्या पलीकडून आवाज आला.

“कोण आलंय वो आबा?”

ती साळूअक्का. शेजारीण. घोंगड्यांसाठी लोकर पिंजत दिवसभर अंगणात बसायची. सिद्राम इथं शिकायला होता तेव्हा रोज गडग्यावरून ओरडायची, बंद करा ते बडवणं म्हणून.

“आपला सिदू आलाय,” आबा म्हणाले.

“त्यो व्हय! माझी म्हैस आटवली हुती त्यानं बडवून बडवून.”

“अक्का, त्याला पन्नास वर्सं झाली की!” सिद्राम ओरडला.

“म्हैस माझी हुती, मला ठाऊक. बडव आता. म्हैस ऱ्हायली न्हाई.”

आबांच्या मिशीत हसू आलं आणि गेलं. त्यांनी डोळे मिटले.

सिद्रामनं आधी भरलेलं वाजवलं. उतरलेल्या पुडीवरसुद्धा त्याचा हात असा चालला, की ओट्यावरची चिमणी उठून गेली. बोटं दिसत नव्हती. एक बोल संपायच्या आत दुसरा, दुसऱ्याच्या पाठीवर तिसरा. शेवटची थाप पडली तेव्हा त्याच्या कपाळाला त्या थंडीतही घाम होता.

गडग्यापलीकडून पिंजण्याचा आवाज कधीच बंद झाला होता.

“झालं का?” साळूअक्का म्हणाली. “डोस्कं उठलं बाई.”

सिद्रामनं आबांकडे पाहिलं.

“हात तयार हाय,” आबा म्हणाले. “माझा कदी एवढा न्हवता.”

“मग ह्येच काढू?”

आबांनी गडग्याकडे मान वळवली.

“आबा?”

“आता ते झोपल्यालं वाजव.”

सिद्रामनं मान खाली घातली. ऐकवायची लाज वाटत होती. कंपनीचा तो पोरगेला माणूस कसा हसला होता, ते त्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. पण आबांनी सांगितलं, तर वाजवलं पाहिजे.

त्यानं सुरुवात केली. साधा ठेका, मग लग्गीचे थोडे जलद बोल, मग रंग. आणि पहिली जागा आली. हात आपसूक खाली गेला. नुसता ठेका, तोही पावलं न वाजवता चालावं तसा.

आबांनी मांडीखालचा डावा हात बाहेर काढला होता. कापरं बोट गुडघ्यावर ठेका धरून होतं.

दुसरी जागा. पत्र्यावरचं पाणी ठिबकलं. तेवढंच.

तिसरी. पलीकडं लोकर पुन्हा पिंजली जाऊ लागली, बारीक, धीरानं.

सिद्रामच्या मनात आलं, कंपनीचा माणूस हसला त्यात त्याची काय चूक? हितं खरंच कोण न्हाई...

चौथी जागा आली, हात खाली गेला, आणि धुक्यातून एक चिरका आवाज वर आला.

*माहेराच्या वाटं गं उभी पिवळी बाभळ...*

सिद्राम दचकला. पण त्याचा हात दचकला नाही. हातानं चाळीस वर्षं केलं तेच केलं. अर्धं पाऊल मागं सरला आणि त्या आवाजाच्या खाली बसला.

साळूअक्काला ताल-बिल काही ठाऊक नव्हतं. ती ‘बाभळ’ या शब्दापाशी येऊन थांबली, खोकली, श्वास घेतला. सिद्राम त्या श्वासासाठी थांबला. तिनं ओढलं तिथं ओढलं, तिनं सोडलं तिथं सोडलं. चाळीस वर्षांत गाणाऱ्याचं तोंड त्यानं काचेतून पाहिलं होतं. आज मध्ये गडगा होता आणि धुकं होतं. तरी ती कुठं वळणार, ते त्याला आधी कळत होतं.

*बसे भाऊ सावलीला...*

त्याचे डोळे भरून आले. समोरचे आबा दिसेनासे झाले. ढोलकीवरचे हात थांबून तसेच राहिले.

“आबा... मग ह्या जागा...”

आबांनी कापरं बोट उचललं आणि गडग्याकडे केलं.

“मला काय इचारतोस?”

सिद्राम तिकडे वळला. धुक्यात काही दिसत नव्हतं. लोकर पिंजायची थांबली होती. बांगड्या वाजल्या, गडग्याचा एक दगड हलला, आणि साळूअक्का ओरडली,

“थांबलास का रं सिदू? माझं कडवं अर्ध्यात ऱ्हायलं की!”