राजवैद्याची टाच

निंबगड संस्थानात मी राजवैद्य होतो. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की महाराजांची टाच ठणकायची. मी सांगितलं, "फार वेळ उभं राहू नका, मऊ जोडे घाला, रोज पोटरी ताणायचा व्यायाम करा."

भर दरबारात दिवाण भास्करपंत कडाडले, "महाराज, हा वैद्य स्वतःच टाचदुखीनं लंगडतो! हाकलून द्या याला."

सगळे हसले. माझी चाल होतीच बदकासारखी.

मी हात जोडले. "महाराज, उपाय खरा आहे. पण पहिलंच पथ्य मला कसं पाळता येणार? दरबारात आपण बसता, मी चार तास उभा असतो."

महाराजांनी हसून मला आसन दिलं.

सहा महिन्यांत त्यांची टाच बरी झाली. माझी अजून दुखते, कारण व्यायाम मी फक्त सांगतो.