जेंते थकली आहे

वसईची मंडळी रोममधल्या एका जुन्या चर्चच्या दारात पोहोचली, तेव्हा ऊन माथ्यावर होतं आणि कुणाच्याच पायांत त्राण उरलं नव्हतं. म्हाताऱ्या इनासकाकांनी तर भिंतीला पाठ टेकून डोळेच मिटले. पण दारावरचा ऐटबाज अधिकारी आडवा आला. "परवानगीशिवाय गटाला प्रवेश नाही. कुणी एकटं आलं, तरच सोडतो."

फिलोमिनाबाईंना थोडीफार इटालियन येत होती. लोकांना तिकडे 'जेंते' म्हणतात, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्या काकुळतीने म्हणाल्या, "साहेब, जेंते फार थकले आहेत हो."

अधिकारी छद्मी हसला. "बाई, आधी भाषा शिका. माणसं कितीही असोत, आमच्यात जेंते स्त्रीलिंगी आणि एकवचनीच. 'थकले आहेत' नाही, 'थकली आहे' म्हणायचं!"

"म्हणजे एकच ना?"

"एकच! कुणालाही विचारा."

"मग सोडा की आत," फिलोमिनाबाई घाम पुसत म्हणाल्या. "एकटीच तर आहे बिचारी."

मागे उभे असलेले लोक खो-खो हसले. अधिकाऱ्याने ओठ चावला, पण शब्द त्याचाच होता. तो बाजूला झाला. आतल्या गारव्यात इनासकाका पहिल्याच बाकावर टेकले आणि क्रुसाची खूण करता करताच घोरू लागले.