उसना गेलेला खुंटोबा

एका राज्यात, जिथे राजाचा रस्ता संपतो त्याच्याही पलीकडे, एक दरी होती. दरीत शिरायला वाट एकच, आणि तीही धबधब्याच्या पाण्यामागून. म्हणून तिथे ना कोणाचा हुकूम पोचला, ना कोणाचा देव. दरीतल्या लोकांनी आपला देव आपणच केला होता. कधी केला, कोणी केला, कोणाला ठाऊक नव्हतं. फणसाच्या लाकडाचा गुडघ्याएवढा खुंट. त्याला ना डोळे, ना तोंड. एक बाजू चुलीच्या धुराने काळी पडलेली. त्याचं नाव खुंटोबा.

आता तुम्ही विचाराल, त्याचं देऊळ कुठे? देऊळ नव्हतं. खुंटोबा एक वर्ष एका घरी राही, पुढच्या वर्षी दुसऱ्या. घरात जे शिजे ते त्याला मिळे, आणि घरात जे काम पडे ते तो करी. वाळवणापाशी बसवला की पाखरू फिरकत नसे. विरजणाच्या मडक्याशेजारी ठेवला की दही घट्ट लागे. कोंबडी अंडी टाकून उंडारायला गेली, तर अंड्यांपाशी त्यालाच बसवत. आणि दरीतली प्रत्येक बाई बाळंत होताना त्याला दोन्ही हातांनी धरून बसे. कळ आली की त्याला आवळायचं, शिव्याही त्यालाच घालायच्या. तो मुकाट्याने ऐकून घेई.

सूप उसनं मागावं तसा हा देव शेजारीपाजारी उसना मागितला जाई. देणारीने एवढंच विचारायचं, "काय काम?" काम सांगितलं की देव मिळाला. काम नसेल तर नाही. खुंटोबाला रिकामं बसून करमत नाही, हे दरीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

त्या वर्षी खुंटोबा आवडाच्या घरी होता. आवडा म्हणजे पन्नाशीची विधवा, जिभेने फटकळ आणि मनाने हळवी. तिला एकच लेक, गजरा. गजराला पाचवा महिना लागला होता आणि आवडाने बाळाची दुपटी आत्तापासूनच शिवायला घेतली होती. सात शिवून झाली होती. आठव्याचं कापड कमी पडलं म्हणून तिने स्वतःचं लुगडं फाडलं. माणूस एकदा आजी व्हायला निघालं की त्याला कोण आवरणार!

पेरणी नुकतीच आटोपली होती. एके दिवशी शिकारीच्या नादात वाट चुकलेला राजा पृथुसेन पाण्यामागून दरीत आला. भिजलेला, दमलेला, भुकेला. आवडाने त्याला वाडगाभर आंबील दिली. आंबील पिता पिता राजा पाहतो तो काय, अंगणात एक खुंट वाळत घातलेली नाचणी राखत बसलेला, आणि आवडा म्हणते हा आमचा देव!

"माते, तुम्ही देवाकडून काम करून घेता?"

"त्याला येतं, म्हनून आमी सांगतो," आवडा म्हणाली.

राजाच्या काळजाला लागलं. तो काही वाईट माणूस नव्हता, नुसता राजा होता. म्हणाला, "हा देव मला द्याल?"

आवडाच्या ओठांवर तो प्रश्न आलाच होता. पण समोर राजा. राजाला 'काय काम' म्हणून कसं विचारायचं? जन्मात कधी न लाजलेली बाई नेमकी तेव्हा लाजली. "न्या," ती म्हणाली, "पर भात कापायच्या येळेला आणून द्या." राजाने मान डोलावली, खुंटोबाला आपल्या शेल्यात गुंडाळलं आणि तो निघून गेला.

भात कापायची वेळ आलीच नाही. लोंब्या भरल्या आणि तिथेच थांबल्या, हिरव्या त्या हिरव्याच. दही लागेना. अंडी फुटेनात. झाडावरचं फळ वाढून थोराड झालं, पण पिकेना. जे जे आपसूक व्हायचं, ते ते व्हायचं राहिलं. आणि गजराला नववा सरला, दहावा सरला, अकरावा सरला, कळा काही येईनात. बाळ आत लाथा मारी, पण बाहेर यायचं नाव घेईना. गजरा भिंत धरून बसे. तिला ना उठवत होतं, ना निजवत होतं.

"आये, मला भ्या वाटतं गं," ती म्हणाली.

आवडाने तिच्या पायांना तेल लावलं. चूक कोणाची ते तिला ठाऊक होतं, आणि ते तिला आतून खात होतं.

अंगणासमोरच्या बेहड्याच्या झाडावर एक धनेश पक्षी राहत असे. धनेशाची मादी अंडी घालते ती झाडाच्या ढोलीत. मग ढोलीचं तोंड लिंपून घेऊन ती आतच बसते, आणि नर एका फटीतून तिला भरवत राहतो. या धनेशाची बायको आत बसली त्याला महिने उलटले होते. भरवून भरवून बिचारा निम्मा झाला होता. तो खाली उतरला आणि आवडासमोर बसून म्हणाला,

"आवडा, तुझी लेक अडली, माझी बायको अडली. राजाच्या मांत्रिकाने तुझ्या देवावर स्तंभनाचा मंत्र टाकला आहे. देवाने राजधानी सोडून जाऊ नये म्हणून. देव थांबला, तसं सारं थांबलं."

"मला तिकडं नेशील?"

"नेईन."

"आन् तुझ्या बायकूला कोन भरवील?"

धनेश वळून ढोलीकडे पाहू लागला. तेव्हा आवडाने शेजारच्या तुळाजीला हाक मारली. तुळाजीने बेहड्याला शिडी लावली आणि रोज तीन वेळा हिरवी उंबरं भरवायचं कबूल केलं. गजराला शेजारणींच्या हवाली करून आवडा निघाली. धनेश पुढे, ती मागे. तीन दिवस चालून ती राजधानीत पोचली.

देवळाच्या दारात मांत्रिक कुंभक उभा होता. वय ऐंशीच्या पुढे, दाढी मात्र काळीभोर. आपल्या वयावरही त्याने मंत्र टाकून ठेवला होता.

"कोण तू?"

"आवडा. देव माझा हाय. न्यायला आले."

"तीन कामं कर आणि ने. न जमली तर इथेच दगड होशील."

"सांगा. पर लौकर सांगा, घरी लेक अडलीया."

कुंभकाने तिला पहिल्या चौकात नेलं. तिथे एक अंगार सात वर्षं धगधगत होता. पाणी ओतावं तर ज्वाळा दुप्पट होई. "हा शांत कर," कुंभक म्हणाला. आवडाने कडेची राख ओंजळीने उचलली आणि अंगारावर पसरली, वर आणखी एक थर दिला. घरी रोज चूल झाकावी तशी तिने ती आग झाकली. अंगार राखेखाली गपगार झोपी गेला. सात वर्षांत कोणी त्याला निजवलंच नव्हतं.

मग त्याने तिला डोहाकाठी नेलं. डोहात मोहरांनी भरलेला तांब्याचा शापित हंडा तरंगत होता. धनाचा विचार मनात घेऊन जो हात लावी, त्याला तो तळाशी ओढून नेई. शंभर वीर असे गेले होते. "हा हंडा आण," कुंभक म्हणाला. आवडा पाण्यात उतरली. हंड्याचं तोंड रुंद होतं, बूड जाड होतं. तिच्या मनात आलं, गजराच्या न्हाणीला पाणी तापवायला अगदी असाच पाहिजे. हंडा आपणहून तिच्या हाताशी आला. उचलून पाहिला तर जड, म्हणून तिने मोहरा डोहात ओतून दिल्या. तसा शाप फिटला. तळाचे शंभर वीर वर आले, अंग झटकून आपापल्या घरी गेले.

"मोहरा कुठे आहेत?" कुंभक ओरडला.

"लई जड होत्या," आवडा म्हणाली आणि तिने हंडा काखेला लावला.

तिसरं काम देवळात होतं. "सूर्य डोक्यावर येण्याआधी तुझा देव उंबऱ्याबाहेर ने." कुंभक गालातल्या गालात हसला, कारण त्या मंत्राचा एक गुण असा होता की देवाला जे वाहावं ते त्याला चिकटून बसे. राजाने वाहिलं, राणीने वाहिलं, सरदारांनी वाहिलं. सोन्यावर सोनं चढत खुंटोबा हत्तीएवढा झाला होता. बारा पैलवानांनी जोर लावला तरी तो केसभर हलला नव्हता.

आवडा आत गेली आणि बावरली. एवढा झगमगाट तिने कधी पाहिला नव्हता. धूप जळत होता, लोक हात जोडून उभे होते, राजाही त्यांच्यात होता. आवडानेही हात जोडले. "देवराया, किरपा करा," म्हणाली. लोटांगण घातलं, नाक घासलं. देव ढिम्म. ऊन उंबऱ्यापाशी सरकलं. तिच्या पायांची बोटं दगडाची झाली, मग घोटे झाले.

तेव्हा झरोक्यातून धनेश म्हणाला, "आवडा, घरी तू याच्याशी अशीच बोलतेस?"

आवडाने हात खाली घेतले. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज चढला.

"अरं ए खुंटा! हितं नटून बसलास व्हय? तिकडं गजराला बारावा लागलाय. भिंत धरून बसलीया माझी पोर, आन् भिंतीला काय समजतंय? माझ्या येळेला दोन दिवस तुला धरून बसले हुते, एक डाव सोडलं न्हाईस मला. आता तिच्या हाताशी कोन हाय? तिचं काय बरंवाईट झालं तर मी कुनासाठी जगू रं? ऊठ. काम पडलंय!"

आधी एक बारीकसा आवाज झाला. मग सोनं वरपासून खालपर्यंत तडकलं आणि ढलपे पडू लागले. राजाचं पडलं, राणीचं पडलं, सरदारांचं पडलं. त्या ढिगाऱ्यातून एका बाजूने काळा पडलेला, गुडघ्याएवढा खुंट वर आला. आवडाचे पाय मोकळे झाले. तिने हंडा एका काखेला आणि देव दुसऱ्या काखेला मारला आणि उंबरा ओलांडला.

मंत्र तुटला. शहरभर आंबे एकदम पिकले, परसापरसांत पिल्लं चिवचिवली. कुंभकाची दाढी बघता बघता पांढरी होऊन गुडघ्यापर्यंत आली. तो दमून पायरीवर बसला आणि म्हणाला, "हुश्श!" इतकी वर्षं तरुण राहून तो फार थकला होता. त्यानंतर त्याने मंत्र म्हणून कधी टाकला नाही.

राजा धावत बाहेर आला. "माते, मी तर त्याला मान दिला होता."

"मान दिलात महाराज, काम न्हाई दिलंत. पर चूक माझी बी हाय. देव देताना इचारायचं असतं. मी लाजले."

तेवढ्यात धनेश पंख फडफडवत आला. "आवडा, सगळं सुटलं, म्हणजे गजराच्या कळाही सुरू झाल्या असतील. दरी तीन दिवसांवर आहे!"

आवडाचा चेहरा उतरला. देव इथे, लेक तिथे. पण राजाच्या पागेत एक घोडा होता, तो धावताना जमिनीला पाय लावत नसे. राजाने तो स्वतः सोडून आणला, आवडाला मागे बसवलं, धनेशाला पुढे घेतलं आणि लगाम सैल सोडला. उन्हं कलायच्या आत ते पाण्यामागून दरीत शिरले. भात पिवळं झालं होतं. बेहड्याची ढोली आतून फुटत होती आणि तुळाजी शिडीवर उभा राहून आनंदाने ओरडत होता. धनेश तिकडे वळला.

घरातून गजराचं कण्हणं ऐकू आलं. आवडाने हंडा राजाच्या हातात दिला. "पानी तापवा." आणि खुंटोबाला घेऊन ती आत गेली. गजराने त्याला दोन्ही हातांनी धरलं, आवळलं, आणि ठेवणीतल्या शिव्या घातल्या. बाहेर राजा पृथुसेन चूल फुंकत होता. त्याच्या डोळ्यांत धूर जात होता. चूल फुंकायचं त्याला कोणी शिकवलं नव्हतं, तरी त्याने ती विझू दिली नाही.

पाणी आधणाला आलं आणि आतून बाळाचा आवाज आला. मुलगी. आवडा गजराचं करण्यात गुंतली होती, म्हणून शेजारणीने पोर दुपट्यात गुंडाळून, जो मोकळा दिसला त्याच्या हातात दिली. तो राजा होता. त्याने कौतुकाने बाळाच्या ओठांना बोट लावलं आणि दुसऱ्या क्षणी केवढ्यानं किंचाळला. बारा महिने आत राहिलेलं पोर ते, दोन दात घेऊन आलं होतं!

"आये," आतून गजरा म्हणाली, तिला धड बोलवतही नव्हतं, "देव नेल्यापायी राजाकडनं तुझ्या वाटनीचं हिनंच वसूल केलं बघ."

राजा बोट चोळत हसला, शेजारणी हसल्या. आवडा बाहेर आली, तिने नातीला घेतलं, तीही हसायला लागली, आणि हसता हसता तिला इतक्या दिवसांचं रडू आलं. अंगणात सगळ्यांसमोर, नातीला छातीशी धरून, ती पोटभर रडली. कोणी तिला गप्प केलं नाही.

राजा भाताच्या कापणीपर्यंत राहिला आणि विळा धरायला शिकून गेला. आवडाचं अडलेलं जसं मार्गी लागलं, तसं ऐकणाऱ्याचं लागो, सांगणाऱ्याचं लागो.