कांदेबटाट्याच्या टोपलीची कहाणी

ऐक गं टोपलीमाय, तुझी कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका. हातातले फोन खाली ठेवा, नीट मांडी घालून बसा, आणि जुन्या कहाणीत बटाटा कुठून आला असं मला विचारू नका. आला. बरा आला. नसता आला तर दारात अवचित पाहुणा उभा राहिल्यावर काय चिरलं असतंत?

तर एक नगर होतं, चांगलं आटपाट. तिथं भानू नावाचा साळी राही. लुगडी विणी, बाजारी नेई. त्याची बायको ठकूबाई, म्हातारी आई म्हाळसाबाई. एकुलती लेक सोनी, ती दूरगावी मोठ्या घरी दिलेली. घर लहान पण नीटनेटकं. चुलीशेजारी बांबूची टोपली, तीत कांदे आणि बटाटे. वांगी किडली, भेंडी जून निघाली, मेथी पावसानं सडली, तरी टोपलीत बटाटा असायचाच. ठकूबाई कांदा उभा चिरी, मोहरीहिंगाची फोडणी करी, बटाट्याच्या फोडी घाली, वर ताटलीत पाणी ठेवून वाफ काढी. हाताला चव अशी, की भानू कढईत भाकरी पुसून खाई.

पण बाईला एक खोड होती. नवऱ्यानं विचारावं, "आज काय केलंस?" तिनं म्हणावं, "काही नाही, बटाटा." शेजारणीनं विचारावं, "ठकूबाई, जेवायला काय?" तिनं म्हणावं, "काही नाही गं, नुसता कांदाबटाटा." हसू नका! काल तुम्ही काय म्हणालात ते आठवा आधी.

आता घरात वास्तुपुरुष असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. आढ्यापाशी बसतो, घरातलं बोलणं ऐकतो, आणि तथास्तु म्हणतो. त्यानं ठकूबाईचं बोलणं एकदा ऐकलं, म्हणाला, चुकून बोलली. दुसऱ्यांदा ऐकलं, म्हणाला, दमली असेल बिचारी. दोनदा सोडून दिलं.

मग एके दिवशी भर दुपारी दाराशी एक म्हातारी आली. पाय धुळीनं भरलेले, हातात काठी. म्हणाली, "माय, पोटाला काही आहे का?" चुलीवर भाजी रटरटत होती. ठकूबाई काही चिक्कू नव्हती हो. पण तिला लाज वाटली. एवढी वडीलधारी बाई, हिच्या पुढ्यात बटाटा काय वाढायचा? ती म्हणाली, "नाही हो आजी, आज घरात काही नाही." म्हातारीनं नाक वर केलं. "वास तर छान येतोय." "तो होय? तो बटाट्याचा. तो काय कुणाला देण्यासारखा आहे?" म्हातारी वळली. काठी टेकत निघून गेली. आणि आढ्यावरून आवाज आला, "तथास्तु."

मग काय झालं? त्या दिवसापासून टोपली भरलेली, पण बटाटा शिजेना. मोहरी तडतडेना. कांदा चिरला तरी डोळ्यांना झोंबेना. चिंचेचं लाकूड लावलं, बाभळीचं लावलं, शेण्या लावल्या. फोडी आपल्या दगडासारख्या खडखडतात. भानू मिठाशी भाकरी खाई आणि गप्प मागावर जाऊन बसे.

अशात म्हाळसाबाईला ताप आला. सात दिवस ताप, आठव्या दिवशी उतरला, पण तोंडाची चव गेली. शेजारणींनी खीर आणली, तिनं तोंड फिरवलं. सांजा आणला, तोंड फिरवलं. मुगाचं कढण आणलं, तेही नको. ठकूबाईचा हात धरून म्हणाली, "ठके, तू करतेस ना बटाट्याची भाजी, मऊ, कांदा चांगला परतलेली, ती दे गं. मला दुसरं काही जात नाही." वैद्य आला, नाडी पाहिली, ठकूबाईला ओसरीवर बोलावून म्हणाला, "उद्यापर्यंत चार घास पोटात गेले तर म्हातारी हाती लागेल. नाहीतर काही खरं नाही."

ठकूबाई चुलीपुढे येऊन बसली. कांद्यानं येत नव्हतं ते पाणी आता आपोआप डोळ्यांतून वाहू लागलं. ही सासू कशी होती, सांगू? सोनी झाली त्या बाळंतपणात हिनं ठकूबाईला महिनाभर चुलीशी येऊ दिलं नव्हतं, स्वतः खपली होती. कधी एक वाकडा शब्द नाही. आता ती मागते काय, तर बटाट्याची भाजी, आणि तेवढंही आपल्याच्यानं होईना! मग तिला ती दुपारची म्हातारी आठवली. तशीच उठली, डोक्यावर पदर घेतला, आणि शोधायला निघाली.

पाणवठ्यावर कोळीण भेटली. "बाई, काठी टेकणारी म्हातारी पाहिलीस का?" "पाहिली की. माझ्याकडे आंबील होती, तीच दिली. पुढं गेली." देवळाशी गुरवीण भेटली. "शिळी भाकरी होती, तीवर तेल घालून दिली. पुढं गेली." माळावर धनगरीण भेटली. "आमच्याकडे ताक होतं, पोटभर प्याली. ती काय, चिंचेखाली बसलीय." ठकूबाई ऐकत होती आणि मनात खजील होत होती.

चिंचेखाली जाऊन तिनं म्हातारीचे पाय धरले. "आजी, चुकले. माझी सासू वाचू दे." म्हातारी म्हणाली, "पोरी, मी रागावले नाही. घरात होतं ते तू नाही म्हणालीस, घरानं तुझंच ऐकलं. आता वसा घे." "कसला वसा, आजी? सांगा, मी करीन." "उद्या आषाढातली कांदेनवमी. सकाळी उठावं, न्हावं, टोपलीला हळदकुंकू वाहावं. पाच बटाटे घ्यावेत, तीन कांदे घ्यावेत, साधी भाजी करावी. दारी येईल त्याला वाढावी. कुणी विचारलं काय केलंस, तर मान वर करून सांगावं. ‘नुसती’ म्हणू नये, ‘काही नाही’ म्हणू नये. असं दरसाल करावं." "उतणार नाही, मातणार नाही, करीन," ठकूबाई म्हणाली. ती म्हातारी कोण होती, हे मला ठाऊक नाही. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी ठकूबाईनं सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. कढई चुलीवर चढली. मोहरी गप्प. फोडी दगड. आत सासूचा आवाज अगदी बारीक झालेला. आणि नेमकं तेव्हाच दाराशी कोण यावं? सोनीची सासू! मेण्यातून उतरली, अंगावर शालू, नाकात नथ, बरोबर मिठाईचा डबा. म्हाळसाबाईला बघायला आली होती. बायांनो, राजा आला असता तरी चाललं असतं, पण विहीणबाई! श्रीखंडपुरी केली तरी जिथं आपल्याला कमी वाटतं, तिथं आज हे.

विहीणबाई पाटावर टेकल्या आणि सहज म्हणाल्या, "काय केलंय आज, विहीणबाई?"

ठकूबाईच्या जिभेवर शब्द आलाच होता. "काही न..." तिनं जीभ चावली. कढईकडे पाहिलं. फोडी तशाच कच्च्या. आतून सासू कण्हली. मग ठकूबाईनं मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बटाट्याची भाजी केलीय, कांदा घालून. आमच्या घरी छान होते. जेवूनच जा."

त्याबरोबर कढईत मोहरी तडतडली. कांदा असा झोंबला, की पाटावर बसलेल्या विहीणबाई शालूच्या पदरानं डोळे पुसू लागल्या. वाफ आली, ताटलीतलं पाणी खदखदलं. ठकूबाईनं फोड दाबून पाहिली, लोण्यासारखी मऊ! पहिली वाढी विहीणबाईंना, त्या दारी आलेल्या म्हणून. त्यांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, मग नथ वर धरून जेवल्या, आणि हळूच म्हणाल्या, "कढईला खरवड लागली असेल तर ती मला द्या हं. आमच्या घरी मला कुणी असं साधं खाऊच घालत नाही."

मग ठकूबाई वाटीत मऊ भात आणि भाजी कालवून आत गेली. म्हाळसाबाईला टेकवून बसवलं. पहिला घास भरवला, म्हातारीनं गिळला. दुसरा भरवला, तोही गेला. भानू माग सोडून दाराशी येऊन उभा राहिला. तिसरा घास म्हातारीनं तोंडात घोळवला, कपाळाला आठी घातली, आणि म्हणाली, "ठके, मीठ कमी पडलंय गं."

चव आली! ठकूबाई तिथंच खाली बसली. हसू येतंय की रडू, तिचं तिला कळेना. भानू मिठाचं भांडं आणायला चुलीकडे धावला.

टोपलीमाय, म्हाळसाबाईच्या तोंडाला जशी चव होऊन आलीस, तशी आम्हां ऐकणाऱ्या सगळ्यांच्या घरच्या आजाऱ्यांच्या तोंडाला ये. आहे ते आम्हाला आहे म्हणू दे. लांबलचक होती, थोडक्यात सांगितली, ही कहाणी ज्याच्या त्याच्या चुलीवर सुफळ होवो, संपूर्ण होवो.