पान वाढ!

“आमचा मराठी पुढे का सरकत नाही?” राजा तिम्मभूप कडाडला.

“वाहवा! काय गोड मराठी!” दरबाराने माना डोलावल्या.

राजा दूर दक्षिणेतून चंपावतीच्या गादीवर दत्तक आलेला. पहिल्या वर्षी तो भराभर मराठी शिकला. मग गाडं अडलं ते अडलंच! तो ‘तूप आली’ म्हणे आणि दरबार वाहवा करी. पुढे पुढे तर दरबारीही ‘तूप आली’ म्हणू लागले. राणी मात्र पदराआड हसे, आणि ते राजाला फार लागे.

“शास्त्रीबुवा,” राजा आपल्या गुरूला म्हणाला, “सूर्य बुडायच्या आत माझा मराठी सुधारा, नाहीतर गाढवावरून धिंड! आणि खबरदार, राजाची चूक काढायची नाही. काढेल त्याचं जीभ छाटू!”

शास्त्रीबुवांना घाम फुटला. चूक न काढता सुधारायचं कसं? पोहायला शिकवा, पण पाण्यात उतरवू नका, अशातली गत!

तेवढ्यात मुदपाकखान्यातली वाढपीण सगुणा पुढे आली.

“म्हाराज, मी सुधारते. चूक काढनार न्हाई. पन आज तुमचा हुकूम मी एकटीनंच पाळायचा, तोंडातनं पडंल तसा. बाकी कुनी हलायचं न्हाई.”

“मंजूर!”

दुपारी राणी, शास्त्रीबुवा आणि दरबाऱ्यांच्या पंगतीत पुरणपोळ्या चापून राजाने ढेकर दिली. आता त्याला हवा होता विडा. रोजच्यासारखा तो म्हणाला, “पान वाढ!”

रोज हुजऱ्या मुकाट्याने विडा देई. सगुणाने नवं केळीचं पान मांडलं आणि मीठ-लिंबापासून सुरुवात केली. चटणी, कोशिंबीर, वरणभात, वर पुरणपोळी!

“हे काय? पान वाढ म्हणतो मी!”

“वाढलं की! आता जेवा. अन्न टाकू नये, म्हाराज!”

राजाने कसंबसं गिळलं. “अगं, पान! पान!”

सगुणाने लगेच आणखी एक पान मांडलं. राजाचे डोळे पांढरे झाले.

“अगं, ते हिरवं! चुना लावतात... तोंड लाल होतं... वि... वि... विडा! मला विडा दे!”

विडा तत्काळ हातावर पडला.

“ऐकलंत? मी बरोबर बोललो!” राजा आनंदाने ओरडला. “शास्त्रीबुवांना नारळ द्या!”

सगुणाने शास्त्रीबुवांना दरवाजा दाखवला. “चला बुवा, नोकरी गेली!”

बुवांनी मटकन बसकण मारली.

“अगं, हाकलतेस काय? मला तर त्यांचा मान...” राजा थबकला. कपाळावर हात मारून म्हणाला, “थांब! नारळ नव्हे! शाल-श्रीफळ देऊन सत्कार कर!”

“अगं बाई, कसे छान बोललात!” राणीने पदर बाजूला केला.

राजाची छाती फुगली. “सगुणा, मग इतकी वर्षं माझी मराठी अडली का होती?”

“जीभ ऱ्हाईल नव्हं माझी?”

“अभय!”

“म्हाराज, तुमी ‘पान वाढ’ म्हनत व्हता आन् ही मंडळी विडा देत व्हती. चुकीचं बोलून बी हवं ते मिळतंय, तर जिभेनं कशापायी झिजायचं?”

राजा हसता हसता पाटावरून कलंडला. राणीने स्वतःच्या सोन्याच्या पाटल्या उतरवून सगुणाच्या हातात चढवल्या.

“वाहवा! वाहवा!” दरबार ओरडला.

“आणि ह्या वाहवावाल्यांना नारळ द्या,” राजा डोळे पुसत म्हणाला. “या वेळी दरवाजा दाखवूनच!”