तारकेचा सोबती

एका राज्यात राजाच्या पलंगावर राणीला जागा नव्हती.

पलंग काही लहान नव्हता. एखादी वरात मुक्कामाला उतरावी एवढा तो ऐसपैस होता. पण राजा हेमध्वजाच्या उजव्या कुशीला तारका नावाची मांजर निजे आणि डाव्या कुशीला तिची सख्खी बहीण चंद्रिका. दोघी दुधासारख्या पांढऱ्या, दोघींचे डोळे मधाच्या रंगाचे, आणि दोघी झोपेत अशा लांबत की एवढ्याशा जिवात एवढी लांबी कुठून येते याचे नवल वाटावे. उरलेल्या काठावर नवी राणी अंग चोरून पडे. कूस बदलायची तर आधी तारकेकडे बघावे लागे, आणि तारका एक डोळा किलकिला करून नाही म्हणे.

त्या राज्यात पक्षी बोलत. बोलता मांजरांनाही येई, पण त्यांना तशी कधी गरज वाटली नव्हती.

राणीचे नाव इंदुमती. म्हणजे ते तिला मिळालेले नाव. उंबरठ्यावरचे माप ओलांडून ती आत आली तेव्हा राजाच्या आत्याबाईंनी चांदीच्या ताटात तांदूळ पसरले आणि अंगठीच्या टोकाने त्यात ते लिहिले. राजाची पहिली राणी इंदुमती तापाने गेली होती, तिचेच ते नाव. त्या घराण्याची रीतच तशी. माणूस गेले तरी नाव ठेवायचे, आणि मागून येणाऱ्याने ते ठेवणीतल्या शालूसारखे अंगावर घ्यायचे, मापात बसो वा न बसो. माहेरी तिला केतकी म्हणत. पण माहेर सात डोंगरांपलीकडे होते.

राजा तिला हळू आवाजात, मायेने हाक मारी. ती हाक तिच्या खांद्यावरून पुढे जाई आणि मागच्या भिंतीवरच्या तसबिरीवर जाऊन टेके. तसबिरीत पहिली राणी हसत बसलेली, मांडीवर याच दोन पांढऱ्या मांजरी. मांजरीही तिच्याच माहेरच्या. केतकी अबोल होती. तिने कुणाला काही म्हटले नाही. फक्त रोज सकाळी ती तसबिरीवरची धूळ स्वतः पुसू लागली, आणि पुसताना हात जरा जोरात चाले.

मग एके दिवशी चंद्रिका म्हातारपणाने गेली. सारा महाल रडला. केतकीही रडली, खोटे कशाला सांगा. पण रडता रडता तिच्या मनात आले, आता डावी बाजू मोकळी झाली. त्या रात्री तिने लग्नानंतर पहिल्यांदा पाय पसरले. सकाळी उठताना तिच्या पायाची करंगळी राजाच्या डाव्या पावलावर आपटली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले.

पाऊल दगडाचे झाले होते.

नव्या सुनेला घरातल्या गोष्टी अशाच कळतात, ठेच लागल्यावर. आत्याबाईंनी तेव्हा सांगितले. हेमध्वजाच्या बारशाला कालभृंग नावाचा जादूगार आला होता. का कोण जाणे, पाटावरून ताडकन उठला आणि म्हणाला, या मुलाला झोपेत दगड चढेल. आणखीही काही म्हणाला, पण रडारडीत ते कुणी ऐकले नाही. उपाय सापडला तो महालाबाहेरच्या कडुनिंबावरच्या भारद्वाज पक्ष्याकडून. दोन मांजरी दोन कुशींना आपखुशीने निजल्या आणि एका लयीत घुरघुरल्या, तर दगड चढत नाही. तेव्हापासून राजाच्या पलंगावर मांजरांची एक ना एक जोडी कायम होती.

"मला आधी का नाही सांगितलंत?" केतकीने विचारले.

"मांजरं होती ना," आत्याबाई म्हणाल्या. "सांगायची वेळ आली नव्हती."

आता तारका एकटी उरली होती. बहिणीच्या रिकाम्या उशीकडे तोंड करून बसे, दुधाला तोंड लावत नसे, आणि घुरघुरली तर उजव्या अंगापुरती. रोज सकाळी डावीकडचा दगड बोटभर वर सरके. डावीकडे काळीज असते. म्हणून ठरले की तारकेला सोबत आणायची, आणि तीही लवकर.

राजा म्हणाला, "अगदी चंद्रिकेसारखी आण."

केतकी आरसेतळ्यावर गेली. त्या तळ्यात जे दाखवावे तेच काठावर चालत येई. तिने तसबीर पाण्यापुढे धरली, चंद्रिकेवर बोट ठेवले, आणि पांढरी, मधाळ डोळ्यांची मांजर अंग झटकत वर आली. तसबिरीवरचे बोट जरा वर सरकवले असते तर दुसरेही कुणी चालत आले असते. केतकीने बोट चांगले घट्ट दाबून धरले होते. तळ्याने मोबदला म्हणून तिचे प्रतिबिंब ठेवून घेतले. तिला त्याचे फारसे वाटले नाही. आरशात बघून करायचे काय, महालात तिच्याकडे बघणारे तरी कोण होते?

आत्याबाईंनी तांदूळ पसरले, 'चंद्रिका' लिहिले, गेलेलीचा घुंगरू नवीच्या गळ्यात बांधला आणि तिला जुन्या उशीवर बसवले. तारका आली. तिने वास घेतला. क्षणभर तिचे कान उभे राहिले. मग तिने पुन्हा वास घेतला, फिसकारली, आणि आयुष्यात कधी चढली नव्हती त्या उंच कपाटावर जाऊन बसली. नवीला काही तिने ओरबाडले नाही. ओरबाडले केतकीला, तेही खाली उतरवायला गेली म्हणून. सकाळी राजाचे दोन्ही गुडघे दगड झाले होते.

आत्याबाई म्हणाल्या, "दिसण्यात काय आहे? घुरघुर दांडगी असलेली आण."

केतकी घंटांच्या दरीत गेली. तिथल्या दैत्याची मांजर घुरघुरली की दरीतल्या घंटा आपोआप वाजत. दैत्याने मांजर दिली आणि केतकीचे गाणे ठेवून घेतले, जे ती माहेरून गुणगुणत आली होती. तेही गेले. ही मांजर तपकिरी, गलेलठ्ठ, स्वभावाने गरीब. तांदळात पुन्हा 'चंद्रिका' लिहिले गेले, पुन्हा तोच घुंगरू, तीच उशी. ती घुरघुरली तेव्हा मुदपाकखान्यातली भांडी खणखणली. पण लय धरायला दुसरी हवी ना? तारकेने कपाटावरून खाली पाहिलेसुद्धा नाही. तिने तोंड फिरवून भिंतीला लावले. सकाळी दगड राजाच्या छातीला टेकला. काळीज अजून धडधडत होते, पण आवाज जात्यासारखा येत होता.

केतकी कडुनिंबाखाली आली. भारद्वाज उंच फांदीवर होता. मांजरांच्या महालाशेजारी राहून त्याला उंचीची किंमत कळली होती.

"एक डोळ्यांनी निवडली, एक कानांनी," तो म्हणाला. "सोबत कुणाला हवी आहे?"

"तारकेला."

"तिला विचारलंत?"

केतकी हातावरच्या ओरखड्यांकडे बघत राहिली. उशी दुसरीची, घुंगरू दुसरीचा, नाव दुसरीचे, आणि वर सगळ्यांनी म्हणायचे, बघ, आली तुझी बहीण. कपाटावर चढणार नाही तर काय करील? त्या महालात आणखी एक कपाट असते तर केतकी स्वतः त्यावर चढली असती.

तिने वेताची टोपली घेतली, तारकेला त्यात बसवले, आणि दोघी कालभृंगाच्या टेकडीकडे निघाल्या. राज्यातली सगळी बेवारस मांजरे तिथे आहेत, असे भारद्वाज म्हणाला होता. वाटभर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. मात्र ऊन चढले तेव्हा केतकीने पदर टोपलीवर धरला, आणि तारकेने तो फाडला नाही.

कालभृंग दारातच बसला होता. सुकलेल्या शेंगेसारखा म्हातारा, खांद्यावर मांजर, मांडीवर मांजर, पगडीत मांजर.

"हिला सोबत हवी आहे," केतकी म्हणाली. "ती निवडील."

"निवडू दे. मोबदला काय देशील? प्रतिबिंब तर दिसत नाही तुझ्यापाशी. गाणेही नाही. नाव दे."

"नाव माझ्याजवळ नाही," केतकी म्हणाली. "ते आत्याबाईंनी लग्नातच उतरवून घेतलं. हे आहे ते पहिल्या राणीचं. हवं तर न्या, पण ते माझं नव्हे."

म्हाताऱ्याने पगडीतले मांजर खाली ठेवले. मग म्हणाला, "त्या बाईने माझेही तेच केले."

आणि मग त्याने सांगितले. त्याचे गुरू महाकंटक. जन्मभर तो त्यांच्या सावलीत. मंत्र याने घडवावा, नाव त्यांचे व्हावे. गुरू वारले आणि राजवाड्यातून बारशाचे बोलावणे आले, त्याला स्वतःला आलेले पहिले. तो नवे धोतर नेसून गेला. आत्याबाई दारात आल्या आणि म्हणाल्या, यावे महाकंटक. गुरूंच्या पाटावर बसवले, गुरूंची शाल पांघरली. रीतच तशी, म्हणाल्या. त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तोंडून शाप गेला.

"उतारा?"

"तोही तिथेच सांगितला होता. शाप ऐकला की लोक रडू लागतात, पुढचे ऐकत नाहीत. त्या घरच्या राजाने, मागून आलेल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारावी. दगड फुटेल. पण हाक शिकवून मारलेली चालणार नाही. कुणी सांगितले, सुचवले, की उतारा वाया."

लग्नात, अक्षता पडत असताना, वाजंत्रीच्या गलबल्यात केतकीने एकदाच राजाला आपले नाव सांगितले होते. त्याला ते ऐकू तरी गेले होते का, कोण जाणे.

तारका तोवर टोपलीतून उतरली होती. रेशमी शेपटीची मांजर होती, निळ्या डोळ्यांची होती, सोनेरी पट्ट्यांची होती. ती सगळ्यांना ओलांडून चुलीपाशी गेली. तिथे राखेत एक भुरा बोका बसला होता, एक कान फाटका, शेपूट अर्धे. तारका फिसकारली. तोही फिसकारला. तिने त्याला पंजा मारला, त्याने तिला मारला. मग ती हातभर अंतरावर त्याच्याकडे पाठ करून बसली आणि स्वतःचा पाय चाटू लागली.

केतकीने ओळखले. ज्याचा भरवसा वाटत नाही, त्याच्याकडे कुणी पाठ करून बसत नाही.

"याचं नाव काय?" तिने विचारले.

कालभृंगाने खांदे उडवले. केतकी मग राखेपाशी बसली आणि बोक्यालाच विचारले.

बोक्याने तिच्याकडे पाहिले. "विचारलंत म्हणून सांगतो," तो म्हणाला. "भुरंग."

मोबदला म्हणून केतकी कालभृंगाला नमस्कार करून म्हणाली, "येते, कालभृंगकाका." तिने टोपली उचलली तेव्हा म्हातारा डोळे पुसत होता, आणि दोष चुलीच्या धुराला देत होता.

महालात ती पोचली तेव्हा दुपार कलली होती. राजाचा जरा डोळा लागला होता, आणि दगड ओठांपर्यंत आला होता. डोळे तेवढे हलत होते. आत्याबाईंनी ताट तयार ठेवले होते. तांदळात नाव लिहूनही झाले होते.

"आणलीस चंद्रिका?" त्या म्हणाल्या आणि फाटका कान बघून थबकल्या. "सूनबाई, हा तर बोका."

केतकी त्या घरात मोठ्याने कधी बोलली नव्हती. आताही बोलली नाही. ती ताटापाशी बसली, तळहाताने तांदूळ सारखे केले, बोटातली अंगठी काढली आणि लिहिले, भुरंग. मग जुनी उशी उचलून, झटकून, तसबिरीखाली ठेवली. घुंगरू तिच्यावर ठेवला. "ही चंद्रिकेची जागा," ती म्हणाली. "इथे कुणी बसायचं नाही." आणि पलंगावर डावीकडे आपली माहेरची गोधडी पसरली. "ही भुरंगची."

राजाचे डोळे तिच्या हातांमागून फिरत होते.

तारका उशीपाशी गेली. तिने उशी हुंगली, घुंगराला नाक लावले, आणि थोडा वेळ तिथेच बसली. तिला कुणी हलवले नाही. मग ती पलंगावर चढली, भुरंगला डावीकडे ढकलले, त्याचा फाटका कान एकदा चाटला आणि आपल्या जागी उजवीकडे गेली. आधी ती घुरघुरली. मग तो. त्याची घुरघुर फुटक्या हंडीसारखी होती, पण तारकेने आपली लय जरा उतरवून तिच्याशी जुळवली.

दगड थांबला. ओठांचा कोपरा मऊ झाला, आणि तिथून श्वास आला.

"बोल बाळा," आत्याबाई रडत म्हणाल्या. "ही बघ इंदुमती. हाक मार तिला."

केतकीने स्वतःची जीभ दातांत धरली. एका शब्दाने सगळे झाले असते, आणि त्याच शब्दाने सगळे बुडाले असते. राजाने भिंतीकडे पाहिले. तसबिरीकडे तो बराच वेळ बघत राहिला, जसे कुणाला निरोप देताना बघावे. त्या वेळात केतकीला जगातल्या कुठल्याही बाईचा वाटला नसेल इतका त्या तसबिरीचा हेवा वाटला. मग त्याने तांदळातल्या नावाकडे पाहिले. मग तिच्याकडे, तिच्या खांद्यावरून पलीकडे नव्हे.

"केतकी," राजा म्हणाला.

आणि दगडाला तडा गेला. ओठांपासून गळ्यापर्यंत, गळ्यापासून काळजापर्यंत, काळजापासून टाचांपर्यंत. वाळल्या चिखलासारखा तो सोलून पडला. दूर आरसेतळ्यातून एक प्रतिबिंब उठले आणि भिंतीवरच्या आरशात येऊन बसले. दरीतल्या घंटा एकदा वाजल्या आणि केतकीच्या घशात एक विसरलेली ओळ परत आली.

"आपल्याला आठवत होतं?" तिने विचारले.

"एकदाच सांगितलं होतंस. वाजंत्री फार होती," राजा म्हणाला. "मला वाटलं, तुला आता ते नाव नको असेल. तू कधी काही बोलली नाहीस."

केतकी कधी काही बोलली नव्हती, ही गोष्ट खरी.

आत्याबाईंनी ताट पुन्हा मांडले, आणि डोळे टिपत केतकीचे नाव स्वतः लिहिले. तळ्याची मांजर देवडीवर राहू लागली, दरीतली मुदपाकखान्यात. दोघींनी आपापली नावे सांगितली. कालभृंगाला त्याच्या नावाने बोलावणे गेले आणि तो नवे धोतर नेसून आला. पहिल्या राणीची तसबीर भिंतीवरच राहिली. केतकी ती अजूनही रोज पुसते, पण आता हळू हाताने.

दगडाचे भय सरले तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, मांजरांना आता खाली निजवावे. पण हे मांजरांना सांगायला कुणी धजले नाही. त्या रात्री केतकी नेहमीसारखी काठावर अंग चोरून पडली. इतक्यात तारका उठली, राजाला ओलांडून आली, आणि तिच्या पोटाशी तोंड नेऊन उभी राहिली. जन्मात ती एकदाच बोलली, ती तेव्हा.

"जरा सरक, केतकी," तारका म्हणाली, आणि तिच्या कुशीत शिरून निजली.

त्या राज्यात सगळे सुखाने राहिले. पलंग मात्र नवा, मोठा करून घ्यावा लागला.