समुद्रापार गेलेला गोमायचा भात

फार वर्षांपूर्वी, या खाडीकाठच्या सुकेवाडीत गोमाय नावाची बाई राहत होती. खारं पाणी शेतात शिरलं की सगळ्यांचा भात कुजायचा, गोमायचा तेवढा उभा राहायचा. खारात जी लोंबी टिकली, तीच तिच्या आईनं बियाण्याला ठेवली होती. तिनंही तेच चालवलं. सारी वाडी तिच्याकडूनच बी न्यायची. शेतात ती लोंब्यांशी लेकरांसारखी बोलायची, आणि लोंब्या मान हलवायच्या, असं म्हणतात.

एका साली वादळानं परदेशी गलबत खाडीत आणलं. त्यावरचा सालेह नावाचा खलाशी तापानं फणफणला होता. गोमायनं त्याला पडवीत निजवलं, तांबड्या भाताची पेज पाजली. बरा झाल्यावर तो मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाला, "आई, आमच्या बेटावर समुद्र शेतात आलाय. माणसं उपाशी आहेत. याचं बी देशील?"

वाडीचा खोत संतापला. "गोमाय, हा भात आपला. उद्या ते ओळखही देणार नाहीत!"

"नाही दिली तर नाही," गोमाय म्हणाली. "उपाशी माणसाला नाही म्हणायला माझी जीभ वळत नाही."

तिनं टोपलं भरून दिलं. "कुणी मागितलं तर तूही नाही म्हणू नकोस हां. आणि यातून काही चांगलं निघालं, तर आम्हालाही दे."

त्यानंतर खोताच्या धाकानं तिच्या लावणीला कुणी आलं नाही. बारा वर्षं ती एकटीच वाकून रोपं लावत राहिली.

तेराव्या साली उधाणानं बांध फोडला. घरोघरच्या कणग्या बुडाल्या, बी सडलं. खोत स्वतः तिच्या दारी आला. गोमायनं रिकामी कणगी दाखवली आणि रडली.

पेरणी तोंडावर आली, आणि शिडं दिसायच्या आधी वाऱ्यावर भाताचा वास आला, असं म्हणतात. सात गलबतं होती. पुढच्या गलबतावर पांढऱ्या दाढीचा सालेह होता.

"आई, तुझा भात बारा बेटांवर गेला. त्यांनी आपापल्या भाताशी जुळवून वाढवला. प्रत्येक बेटानं टोपली भरून पाठवलीत."

गोमायनं एक दाणा चावला.

"माझी लेकच गं," ती बायांना म्हणाली. "सासरी सुखात होती वाटतं. अंगानं भरलीय."

त्या साली पुरुषभर उंच भात आला, असं म्हणतात. गोमायच्या लावणीला सारी वाडी वाकली, खोतसुद्धा.

आजही सुकेवाडीत पेरणीआधी बियाण्याचं पहिलं टोपलं बांधावर ठेवतात. परगावच्या कुणीही ते न्यावं, फक्त आपल्या गावाचं नाव सांगावं. कापणीला म्हाताऱ्या बाया गोमायचं नाव घेऊन ती सारी गावं मोठ्यानं म्हणतात. दूरदेशीची नावं त्यांना धड उच्चारता येत नाहीत, आपसात हसतात, पण एकही गाळत नाहीत.